सव्वा सेकंद मागे

दर्यापूर तालुक्यात वाढीच्या अडचणी असलेली चारशे बारा मुलं आहेत आणि त्यांच्यासाठी तज्ज्ञ एकही नाही, ही गोष्ट सरकारला २०३८ साली कळली. मुलांच्या आयांना ती फार आधीपासून माहीत होती, पण आयांना माहीत असलेलं कागदावर यायला आपल्याकडे वेळ लागतो. अमरावतीला एक बाई होत्या. त्या महिन्यातून एकदा एका मुलाला वीस मिनिटं द्यायच्या. त्या वीस मिनिटांसाठी प्रणाली ठोसर आपल्या सात वर्षांच्या त्रिशाला घेऊन एसटीनं जायची. जाताना दीड तास, येताना दीड तास आणि मधे रांग. त्रिशाला हॉर्न सहन व्हायचा नाही. ती कानांवर हात दाबून किंचाळायची, आणि अख्खी एसटी प्रणालीकडे अशी बघायची की तिनंच पोरीला चिमटा काढला असावा.

त्रिशा बोलत नव्हती. स्वमग्न आहे, असं अमरावतीच्या बाईंनी लिहून दिलं होतं. लिहून दिल्यानं घरात काही बदललं नाही.

प्रणालीच्या नवऱ्याची, मंगेशची, पिठाची गिरणी होती आणि घर गिरणीला लागूनच. गिरणी सुरू झाली की त्रिशा मधल्या भिंतीला पाठ लावून बसायची आणि भिंतीची थरथर अंगात मुरू द्यायची. समोर फरशीवर पिठाचा थर असायचा. त्यात ती तळहातानं एक रेघ ओढायची, पुसायची, पुन्हा ओढायची. प्रणाली तिच्या शेजारी तशीच पाठ लावून बसायची. त्रिशाची रेघ ओढून झाली की मग ही आपली ओढायची. त्रिशा थांबली की ही थांबायची. असं दोन-दोन तास. दळण घेऊन आलेल्या बाया म्हणायच्या, "काय वं प्रणाली, लेकरासंगं तूही येडी झालीस काय?"

"हो, झाली," प्रणाली म्हणायची आणि पुढची रेघ ओढायची.

कधीकधी, पंधरा दिवसांतून एखाद्या वेळी, त्रिशा न बघताच आपला पिठानं भरलेला हात आईच्या हातावर ठेवायची आणि तसाच राहू द्यायची. तेवढ्यावर प्रणालीचे पुढचे पंधरा दिवस निघायचे.

त्या साली शिष्यवृत्ती जाहीर झाली. दोन वर्षं नागपूरला राहून शिकायचं, राहण्याखाण्यासकट सगळं फुकट, आणि नंतर सात वर्षं आपल्याच तालुक्यात अशा मुलांसाठी काम करायचं. बारावी पास पुरे होतं. निवड मार्कांवर होणार नव्हती, टोपीवर होणार होती.

टोपीचं शास्त्र तसं समजायला सोपं आहे. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिथं ताजं रक्त जास्त येतं. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश कवटीतून आत सोडला, तर तो ताज्या रक्तातून वेगळा परततो आणि वापरलेल्या रक्तातून वेगळा. त्यावरून कुठं काम चाललंय ते कळतं. आता दोन माणसांना अशा दोन टोप्या घालून समोरासमोर बसवा. ती दोघं एकमेकांत खरोखर गुंतली, तर त्यांच्या मेंदूतल्या या लाटा एकसारख्या चढू-उतरू लागतात. गप्पांत रंगलेल्या मैत्रिणींच्या जुळतात, एकत्र गाणाऱ्यांच्या जुळतात. नागपूरच्या डॉ. सुधन्वा देवस्थळींनी ही जुळणी शंभरपैकी किती, हे सांगणारी हलकी टोपी बनवली. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. तज्ज्ञाची मुलाशी जुळणी साठाच्या वर असेल तर मूल शिकतं. चाळिसाच्या खाली असेल, तर तज्ज्ञाच्या नावापुढं कितीही पदव्या असोत, मूल भिंतीकडे बघत बसतं.

म्हणून शिष्यवृत्तीची परीक्षा एवढीच होती: टोपी घाला, अशा एखाद्या मुलासमोर अर्धा तास बसा, आकडा दाखवा. घरचं मूल असलं तर तेच आणा. प्रणालीनं त्रिशाला नेलं, सोबत घरून पुडीत बांधून पीठ नेलं आणि तपासणीच्या टेबलावर ते पसरून दोघींनी रेघा ओढल्या. अठ्ठ्याहत्तर आले. जिल्ह्यात एवढे कोणालाच आले नव्हते.

राज्यातून चाळीस जण निवडले, त्यांतल्या तेहतीस अशा मुलांच्या आया होत्या. देवस्थळींनी समारंभात सांगितलं, "आईहून मोठा तज्ज्ञ कोण?" टाळ्या झाल्या. त्या तेहतीस जणींचे आकडे एवढे का आले, हे मात्र कोणी विचारलं नाही. आकडा चांगला आला की आपल्याकडे पुढचा प्रश्न विचारत नाहीत, पेढे वाटतात.

"दोन वर्सं," प्रणाली घरी येऊन म्हणाली. "हिचं कसं करान तुम्ही?"

"मी पाहतो ना," मंगेश म्हणाला.

"तुम्ही तिले आंघोळ तरी घातली काय कधी?"

"शिकतो. तू शिकून राहिली त मी काऊन नाही शिकनार? तू आलीस म्हंजे हिले रोज मिळन. महिन्यातून वीस मिनिटं नाही, रोज."

हे 'रोज' त्याला भुलवत होतं आणि तिलाही. तालुक्यातली चारशे बारा मुलं, समाजाची सेवा, असलं काही प्रणालीच्या डोक्यात नव्हतं. ती गेली ती एका मुलीसाठी गेली.

नागपूरला पहिल्या आठवड्यात देवस्थळींनी तिला पडद्यासमोर बसवलं. पडद्यावर दोन लाटा होत्या. पिवळी सरावाला आणलेल्या मुलाची, निळी प्रणालीची. दोन्ही छान जुळत होत्या, पण निळीचा प्रत्येक उंचवटा पिवळीच्या मागून येत होता.

"सव्वा सेकंद," देवस्थळी म्हणाले. "ताई, तुम्ही मुलाच्या मागून चालता."

"मग?"

"तज्ज्ञानं पुढं चालायचं असतं." देवस्थळी साधा माणूस होता, बाह्या दुमडून समजावून सांगायचा. ज्याची लाट आधी उठते तो नेतो, दुसरा मागून जातो. मूल तुमच्या मागून आलं तर तुम्ही जिकडं लक्ष द्याल तिकडं तेही लक्ष देतं. चमच्याकडे, चेहऱ्याकडे, शब्दाकडे. शिकणं म्हणजे तेच. तुम्ही त्याच्या मागून गेलात तर दोघांनाही बरं वाटतं, पण मूल होतं तिथंच राहतं.

सात वर्षं आपण पोरीच्या मागंमागं गेलो म्हणून ती जागची हलली नाही, असा प्रणालीनं त्याचा अर्थ लावला. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र अशी कामाला लागली की बाकीच्या बघत राहिल्या.

सराव असा होता. कानात एक बारीक यंत्र. मुलासमोर बसायचं, आणि आपली लाट मागं पडली की कानात टक् असा आवाज व्हायचा. पुढं गेली की आवाज बंद. रोज सहा तास हा टकटकाट चालायचा. मेंदू हा सर्वात लबाड अवयव आहे, त्याला आवाज नको असतो, तो आपोआप वळण बदलतो. सायकल शिकल्यावर ती विसरता येत नाही तसं हे वळणही एकदा पडलं की पडलं. आठव्या महिन्यात प्रणालीची निळी लाट पिवळीच्या बरोबरीनं आली. वर्ष संपताना ती दीड सेकंद पुढं होती. समोर कुठलंही मूल बसवा, ते तिच्या मागून चालू लागायचं. सत्तर, ऐंशी, शहाऐंशी. देवस्थळी तिचा आलेख भिंतीवर लावायचे.

ती दर पंधरा दिवसांनी घरी यायची. वर्षभरानंतरच्या अशाच एका रविवारी तिनं नेहमीप्रमाणं भिंतीला पाठ लावली आणि पिठात रेघ ओढली. ओढून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की त्रिशानं अजून ओढलेली नव्हती. आपल्या ताटात दुसऱ्यानं हात घातल्यावर बघावं तशी त्रिशा त्या रेघेकडे बघत होती. प्रणाली थांबली. तिनं हात मांडीखाली दाबून ठेवला आणि मुलीची वाट पाहिली. पण वाट पाहतानासुद्धा ती पुढं होती. पोरीचा हात आता उठेल, आता डावीकडे जाईल, असं तिच्या मनात आधी उठायचं, आणि त्रिशाला ते अंगावर आल्यासारखं कळायचं. त्रिशा उठली, गिरणीत गेली आणि बापाच्या पायाशी बसली. मंगेशनं दळण थांबवलं नाही, पण तो जरा सरकला आणि तिनं हात हलवला की आपलाही हलवू लागला.

"रुसली असन," तो म्हणाला. "तू येतेस, जातेस. घरी राहायला लागलीस की होईन बराबर."

प्रणालीनं ते खरं मानलं. मानायला सोपं होतं.

दोन वर्षं संपली आणि दर्यापुरात बाजारपेठेच्या मागं, जुन्या पंचायत समितीच्या दोन खोल्यांत, तिचं केंद्र सुरू झालं. आता जे सांगायचं ते नीट सांगितलं पाहिजे, कारण एरवी या गोष्टीतलं दुःख कोणालाच कळणार नाही: शिष्यवृत्ती फसली नव्हती. ती शंभर टक्के यशस्वी झाली होती. जी पोरं पाच-पाच वर्षं ताटलीत बघत नव्हती ती हातानं घास घ्यायला लागली. बांगड्यांचं दुकान असलेल्या फरजानाबाईंची सहा वर्षांची झोया चौदाव्या आठवड्यात "पानी" म्हणाली. फरजानाबाई आधी जमिनीवरच बसल्या आणि मग प्रणालीचे हात धरून म्हणाल्या, "बाई, तुमी माह्या पोरीले जबान देली. तुमच्या लेकरावर अल्लाची सावली राहो."

त्या लेकरावरची सावली मात्र वेगळीच होती. प्रणाली खोलीत आली की त्रिशा खोलीबाहेर जायची. प्रणालीनं वेणी घालायला हात लावला तर एसटीत किंचाळायची तशी किंचाळायची. सहा महिने वाट पाहून प्रणालीनं एका दुपारी केंद्रातल्या दोन टोप्या घरी आणल्या. त्रिशाच्या डोक्यावर मंगेशनं टोपी घातली आणि समोर आधी प्रणाली स्वतः बसली. अकरा आले. अकरा म्हणजे रस्त्यातल्या अनोळखी माणसाशी जुळतं त्याहूनही कमी. मग तिनं आपली टोपी मंगेशच्या डोक्यावर घातली आणि ती बाजूला झाली.

एक्क्याऐंशी.

तिनं लाटा उघडून पाहिल्या. पिवळी त्रिशाची आणि मागून, अगदी शहाण्यासारखी, मंगेशची. सव्वा सेकंद मागे. ही लाट तिनं ओळखली. नागपूरच्या पहिल्या आठवड्यात तिची स्वतःची अशीच होती. तिथं ती दुरुस्त करण्यात आली होती.

मग तिनं नागपूरची एसटी धरली.

"आम्ही आकडा मोजला, क्रम मोजला नाही," देवस्थळी म्हणाले. विचारल्यावर तरी त्यांनी लपवाछपवी केली नाही, एवढं त्यांच्या बाजूनं म्हणता येईल. "आयांची जुळणी जास्त येते ती त्या मागून चालतात म्हणून. आम्हाला वाटलं, एवढी जुळणी आहे, फक्त दिशा बदलू. ज्या गुणासाठी तुम्हाला निवडलं तोच दोन वर्षं खपून काढून टाकला. परक्या मुलाला फरक पडत नाही, त्याला तुम्ही आधीच्या माहीत नसता. तुमच्या मुलाला तुम्ही माहीत होतात. त्याच्या दृष्टीनं ही बाई आईच्या कपड्यांत आलेली दुसरीच कोणीतरी आहे."

"हे कधी कळलं तुम्हाला?"

"तुमच्या तुकडीच्या नवव्या महिन्यात."

"तेव्हा मी इथंच होते."

"हो."

"या खोलीत. या खुर्चीत."

देवस्थळींनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला. "सांगितलं असतं तर तेहतीसपैकी किती जणी थांबल्या असत्या?"

"एकही नाही," प्रणाली म्हणाली. "आणि ते आमचं आम्ही ठरवलं असतं."

ते म्हणाले, उलटा सराव आहे. आठ-नऊ महिने कानातलं यंत्र उलटं लावायचं, म्हणजे पुढं गेलं की टक्. दोघींनी केलाय, दोघींचं मूल परत जवळ आलं. कराराचं मी बघून घेतो, त्याची काळजी करू नका. "पण मग मुलांना पुढं नेता येणार नाही. एका मेंदूत दोन्ही वळणं राहत नाहीत, ते आम्ही करून पाहिलं. तुमच्या केंद्रात आता किती मुलं आहेत?"

"एकशे अठ्ठ्याऐंशी."

त्यांनी तो आकडा वहीत लिहून घेतला. आणखी एक शब्द बोलले असते तर प्रणालीनं टेबलावरचा कागदांचा गठ्ठा त्यांच्या अंगावर फेकला असता.

परतीच्या एसटीत तिचं ठरलं होतं. एकशे अठ्ठ्याऐंशी मुलं गेली खड्ड्यात. त्यांना आया आहेत, माझ्या पोरीला नाही. असं ती मनात स्वच्छ बोलली आणि तिला लाजही वाटली नाही. घरी आल्याबरोबर तिनं मंगेशला सगळं सांगितलं. मंगेश जात्याचे दगड काढून त्यांना टाकी लावत बसला होता. त्यानं छिन्नी खाली ठेवली.

"म्हंजे तू पयल्यासारखी होशीन."

"हो."

"अन् मंग हे बोलनं-बिलनं शिकवाचं बंद."

"हो."

त्यानं दगडावरची धूळ हातानं झाडली. "फरजानाबाई दळन घेऊन येतात," तो म्हणाला. "परवा ते झोया मले म्हने, काका, पीठ बारीक पायजे. मले म्हने, प्रणाली. डोयात डोये घालून. अन् माही पोरगी भितीच्या पल्याड पाठ लावून बसून हाये."

"मी मागं फिरली त ती माह्याजवळ येईन."

"येईन ना. मंग आपन तिघंबी भितीले पाठ लावून बसू. लय चांगलं वाटन." त्याचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "अन् आपन मेल्यावर? तिले तहान लागली त कोनाले सांगन ते? भितीले?"

त्यानं छिन्नी पुन्हा उचलली.

"तालुक्यातल्या लोकाईच्या पोरी बोलून राहिल्या. माह्याच पोरीनं काय पाप केलं? तिले तुह्या यादीत घे."

यादीत घेणं म्हणजे काय, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. तिनंच त्याला सांगितलेलं होतं. या कामातला एक नियम होता आणि तो कोणी हौसेनं केलेला नव्हता. तज्ज्ञ मुलाला फक्त केंद्रात भेटतो, बाहेर कधीच नाही. त्या खोलीत मूल तज्ज्ञाच्या मागून चालायला शिकतं. तेच माणूस त्याला घरात, रस्त्यात, वेगळ्या तालात भेटलं, तर मुलाला कुठली लाट खरी ते कळेनासं होतं आणि ते दोन्ही सोडून देतं. अचलपूरच्या एका तज्ज्ञानं आपल्याकडे येणाऱ्या मुलीला लग्नाच्या पंगतीत कडेवर घेतलं होतं. आठ दिवसांत त्या मुलीचे अकरा शब्द गेले आणि परत आले नाहीत. तेव्हापासून या मंडळींची रीतच पडली होती: समोरून आपल्याकडचं मूल येताना दिसलं की रस्ता बदलायचा, ओळख द्यायची नाही.

म्हणजे त्रिशाला यादीत घ्यायचं तर प्रणालीनं घर सोडायचं. वर्ष, दीड वर्ष, कदाचित जास्त.

"अन् मी तिची कोन मंग?" तिनं विचारलं.

"तू तज्ज्ञ हायेस," मंगेश म्हणाला. त्यानं ते कौतुकानं म्हटलं होतं.

ती आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. रागावायला तोच एक हाताशी होता. पण राग ओसरल्यावर प्रश्न होता तिथंच राहिला, आणि त्याला पळवाट नव्हती. पोरीची आई व्हायचं तर पोरगी मुकी राहणार. पोरगी बोलायला हवी तर आपण तिची आई राहायचं नाही. तिसरं काही असेल म्हणून तिनं दोनदा देवस्थळींना फोन केला. तिसरं काही नव्हतं; शेजारच्या तालुक्यांतल्या तज्ज्ञांच्या याद्याही भरलेल्या होत्या. शेवटी झोयाचं ते "पीठ बारीक पायजे" तिच्या डोक्यातून जाईना, आणि एका सोमवारी तिनं बॅग भरली. केंद्राच्या वर एक खोली रिकामी होती. ती निघाली तेव्हा त्रिशा भिंतीपाशी होती. प्रणालीनं तिच्याजवळ जायचं टाळलं, कारण त्रिशाला ते आवडलं नसतं.

यादीत त्रिशा मंगेश ठोसर, वय नऊ, क्रमांक एकशे एकोणनव्वद.

पहिले पाच आठवडे त्रिशा दारातून आत यायला तयार नव्हती. सहाव्यात आली. आणि मग जे सगळ्या मुलांचं झालं तेच तिचं झालं. बारा, तीस, चव्वेचाळीस, सदुसष्ट. अनोळखी बाईच्या मागून ती हळूहळू चालू लागली. प्रणालीनं चमच्याकडे पाहिलं की ती चमच्याकडे पाहायची. प्रणालीनं ओठ मिटले की ती मिटायची. चौथ्या महिन्यात "पानी" आलं. मग "पीठ". मग "बाबा", आणि त्या दिवशी न्यायला आलेला मंगेश केंद्राच्या ओट्यावर तोंड फिरवून रडला. प्रणालीनं दारातून पाहिलं. त्रिशा तिथं होती, म्हणून ती बाहेर गेली नाही.

केंद्रात सगळी मुलं तज्ज्ञाला ताई म्हणतात. त्रिशाही म्हणायला शिकली. "आई" शिकवायचं का, असं प्रणालीला एकदा वाटलं होतं. पण शब्द शिकवताना वस्तू किंवा माणूस समोर दाखवावं लागतं. मुलं आपापल्या आयांचे फोटो आणायची. मंगेशनं फोटो पाठवला नाही, तिनं मागितला नाही.

दहाव्या महिन्यात त्रिशाकडे तेवीस शब्द होते. पण केंद्राच्या प्रगतीच्या तक्त्यातली शेवटची पायरी राहिली होती: स्वतःहून हाक मारणे. समोरचं पाणी मागणं वेगळं. दूर जाणाऱ्या माणसाला हाक मारायची तर आधी ते माणूस हवंसं वाटावं लागतं, आणि हाक मारली की ते वळेल अशी खात्री असावी लागते. एकशे एकोणनव्वदांपैकी चारच मुलं तिथवर पोचली होती. त्रिशा पोचेल असं प्रणालीला वाटत नव्हतं.

गुरुवारच्या बाजारात ती मेथीची जुडी निवडत होती. पलीकडच्या रांगेत मंगेश त्रिशाचा हात धरून लसूण बघत होता. असं आधी दोनदा झालं होतं. प्रणालीनं जुडी खाली ठेवली, पदर सारखा केला आणि दुसऱ्या बाजूनं चालू लागली.

"ताई!"

बाजारात दर दहा पावलांवर कोणी ना कोणी ताई म्हणून ओरडतंच. पण हा आवाज तिनंच घडवला होता. जीभ कुठं टेकवायची, श्वास कुठं सोडायचा, सगळं तिनं बोट धरून शिकवलेलं.

"ताई!"

तिचे पाय थांबले. मागं वळावं आणि पोरीला उचलून घ्यावं, एवढंच तिला हवं होतं. इतक्या वर्षांत कधी वाटलं नव्हतं इतकं. पोरीनं आयुष्यात पहिल्यांदा कोणाला हाक मारली होती. या हाकेला कोणी वळलं नाही तर हाक मारून काही होत नाही हेही ती शिकेल, हे तज्ज्ञ म्हणून प्रणालीला कळत होतं. आणि आपण वळलो, तर आपल्या चेहऱ्यावर जे येईल ते खोलीतल्या ताईचं नसेल, हेही कळत होतं. अचलपूरच्या मुलीचे अकरा गेले होते. हिचे तेवीस होते. हाकेचं नुकसान कोणी अजून मोजलेलं नव्हतं, शब्दांचं मोजलेलं होतं. म्हणून तिनं शब्द वाचवले.

ती चालत राहिली.

"ताई! ताई!"

"ते नाही वं," मंगेशचा आवाज आला. "दुसरी कोनी हाये ते. चाल, बेटा."

कांद्याच्या ढिगापर्यंत हाका ऐकू येत होत्या. मग थांबल्या.

सोमवारी त्रिशा वेळेवर आली. खुर्चीवर नीट बसली, प्रणालीच्या मागून तेवीसच्या तेवीस शब्द बरोबर म्हणाली. हाक मात्र तिनं त्यानंतर कोणालाच मारली नाही.